महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील जुगाराचे व्यसन आणि मदतीचे मार्ग : पलूस परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

जुगार ही भारतीय समाजाला अपरिचित असलेली गोष्ट नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त 'अक्षसूक्त' या नावाने ओळखले जाते. फाशांच्या नादी लागून घर गमावलेल्या माणसाचे मनोगत त्यात आले आहे. पत्नीने दूर लोटणे, आईने दुःख करणे, कर्जबाजारी होऊन रात्री परक्या घरांकडे वळणे आणि 'आता खेळायचे नाही' असा निश्चय करूनही फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा तिकडे जाणे या अवस्था तेथे नोंदलेल्या आहेत. आधुनिक मानसोपचारशास्त्राने सांगितलेली लक्षणे या सूक्ताशी ताडून पाहिली तर फारसा फरक आढळत नाही. फरक पडला आहे तो दृष्टिकोनात. जुगारी माणसाकडे शतकानुशतके केवळ दुर्वर्तनी म्हणून पाहिले गेले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या वर्गीकरणात विकृत जुगाराचा समावेश केला आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही जुगाराचा विकार व्यसनाधिष्ठित वर्तनाच्या विकारांमध्ये गणलेला आहे.

हे शास्त्रीय ज्ञान ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचले तरी मदत मागण्यासाठी त्याने नेमके कोणाकडे जावे, हा प्रश्न मात्र मोकळाच राहतो. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका हा कृष्णाकाठचा, ऊस आणि द्राक्षे पिकविणारा भाग होय. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीमुळे येथे कारखानदारीही जुनी आहे. कुंडल, भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली अशा गावांतून मुले-मुली एस.टी.ने किंवा दुचाकीने पलूसला शिकावयास येतात. अशा विद्यार्थ्याला जुगाराच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी कोणकोणती दारे उपलब्ध आहेत आणि ती तो का ठोठावत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकड्यापासून मोबाईलपर्यंत :

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जुगार म्हटले की प्रथम 'आकडा' आठवतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत पैजा लागत असत. ती पद्धत बंद पडल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि त्यानंतर रतन खत्री यांनी मटक्याचा धंदा उभा केला. मडक्यातून चिठ्ठी काढण्याच्या रीतीवरून त्यास मटका हे नाव पडले. मटक्याचे गणित समजून घेणे येथे उपयुक्त ठरेल, कारण मोबाईलवरील बहुतेक जुगाराचे मूळ गणितही तेच आहे. शंभर जोड्यांपैकी एक जोडी लागते आणि ती लागली तर साधारणपणे नव्वदपट रक्कम मिळते. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी १० रुपये बुकीकडे राहतात. ही तूट किरकोळ वाटते. परंतु हाती आलेली रक्कम पुन्हा पुन्हा लावीत गेल्यास १००० रुपयांचे वीस फेऱ्यांनंतर सरासरी सुमारे १२२ रुपये उरतात. आकडा दिवसातून एक-दोनदा उघडत असे. मोबाईलवर वीस फेऱ्या अर्ध्या तासात पूर्ण होतात. जुन्या आणि नव्या जुगारातील खरा भेद हा वेगाचा आहे.

कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू असला तरी कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला होता. याच आधारावर ऑनलाइन रमी आणि पैसे लावून खेळावयाचे काल्पनिक क्रिकेट संघ यांचा व्यवसाय फोफावला. खेळाडू व नटांच्या जाहिराती घरोघरी दिसू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरविण्यास या कायद्याने बंदी घातली. पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा त्यात आहेत. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ त्यानंतर बंद केले. परदेशातून चालणारी संकेतस्थळे, टेलिग्रामवरील गट, गावातला क्रिकेटचा सट्टा आणि आकडा मात्र एका कायद्याने नाहीसे होत नाहीत. उलट पूर्वी उघडपणे खेळणारा मुलगा आता अधिक लपून खेळतो आणि फसवणूक झाली तरी बोलत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट असावयास हवी. २०२५ च्या कायद्यात ऑनलाइन खेळणाऱ्यास शिक्षा नाही. त्याला पीडित मानण्यात आले आहे.

व्यसनाची ओळख :

मित्रांबरोबर दिवाळीत तीन पत्ती खेळणारा प्रत्येक विद्यार्थी व्यसनी नसतो, हे सांगितलेच पाहिजे. अन्यथा ज्यांना मदतीची खरी गरज आहे त्यांच्यावरील लक्ष विचलित होते. प्रचलित निकषांत नऊ लक्षणे दिलेली असून वर्षभरात त्यांपैकी चार किंवा अधिक आढळल्यास विकार मानला जातो. पूर्वीइतकीच उत्तेजना येण्यासाठी रक्कम वाढवावी लागणे, खेळ थांबवताच चिडचिड होणे, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, सतत त्याचेच विचार, मन उदास असताना खेळाकडे वळणे, हरलेले पैसे काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे, खोटे बोलणे, शिक्षण वा नातेसंबंध धोक्यात घालणे आणि अखेरीस पैशासाठी दुसऱ्यांवर विसंबणे ही ती लक्षणे होत. यापेक्षाही सोपी, दोनच प्रश्नांची एक चाचणी १९९७ पासून वापरात आहे. उत्तरोत्तर अधिक रक्कम लावावीशी वाटली आहे का, आणि आपण किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे योग्य ठरते.

या लक्षणांपैकी 'हरलेले काढण्यासाठी पुन्हा बसणे' हे सर्वांत घातक होय. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडवांचे सर्वस्व परत मिळते आणि तरीही युधिष्ठिर दुसऱ्या द्यूतासाठी परत फिरतो. कर्ज फिटले म्हणून व्यसन सुटत नाही, याचे यापेक्षा परिचित उदाहरण मराठी वाचकापुढे ठेवता येणार नाही.

मदत का मागितली जात नाही :

एक कल्पित परंतु परिसराला अनुसरून असलेले उदाहरण घ्यावे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातील एक मुलगा. घरी दोन एकर द्राक्षबाग. वडिलांना मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सवय नाही, म्हणून खते-औषधांच्या दुकानाचे देणे, सोसायटीचा हप्ता हे सारे मुलगाच वडिलांच्या फोनवरून भागवितो. पन्नास रुपयांनी सुरू झालेल्या खेळात एकदा चार हजार मिळतात. पुढे परीक्षा शुल्क जाते, नंतर औषध दुकानासाठी ठेवलेले पैसे जातात, मग मित्रांची उसनवारी होते आणि शेवटी गावातल्या एकाकडून शेकडा दहाने वीस हजार घेतले जातात. आता हा मुलगा कशाच्या शोधात असतो? मदतीच्या नव्हे, पैशाच्या. त्याच्या दृष्टीने त्याची अडचण जुगार ही नसून वीस हजारांचे कर्ज ही असते, आणि ती सोडविण्याचा एकच मार्ग त्याला दिसतो, तो म्हणजे एक मोठा डाव.

ज्या दिवशी हे घरी कळते त्या दिवशी घरातले लोकही याच चुकीत सहभागी होतात. आधी मारहाण, रडारड. मग अब्रूसाठी ऑक्टोबर छाटणीकरिता ठेवलेले पैसे काढून कर्ज गुपचूप फेडले जाते. मुलाला औदुंबरला नेऊन दत्तासमोर शपथ घातली जाते. श्रद्धेने मनाला बळ मिळते, यात शंका नाही. पण शपथेनंतर पुढच्या सोमवारी काय करायचे हे कोणी ठरवीत नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र एवढेच घडलेले असते की पाटी कोरी झाली. तीन-चार महिन्यांत तो पुन्हा खेळू लागतो, आणि या वेळी सांगण्याची लाज पहिल्यापेक्षा दुप्पट असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मदतीच्या आड येणारा मोठा अडसर रुग्णालयाचे अंतर हा नसून कर्ज आणि आजार यांची सरमिसळ हा आहे. ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत. दोहोंचे वैद्य निराळे आहेत. मुलींच्या बाबतीत बदनामीच्या भीतीने हा विषय आणखी झाकला जातो, एवढीच येथे नोंद करणे पुरेसे आहे.

कर्जाचा प्रश्न :

कर्जाचा विचार शांतपणे केल्यास ते वाटते तितके अभेद्य नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असून पैजेत जिंकल्याचे सांगून कोणालाही न्यायालयातून वसुली करता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतासाठी १८६५ मध्ये झालेल्या कायद्याने याच्याही पुढे जाऊन, पैजेला साहाय्य व्हावे म्हणून जाणूनबुजून केलेले करारही रद्दबातल ठरविले. बुकीच्या देण्याला न्यायालयाचा आधार नसतो, तो असतो केवळ दहशतीचा. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक असतातच, तर त्याने केलेला करार मुळातच निष्प्रभ होय.

खाजगी सावकाराविषयी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर त्याच वर्षीच्या अधिसूचनेनुसार वार्षिक १८ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. शेकडा दहा म्हणजे दरमहा दहा टक्के. वीस हजारांवर वर्षाला चोवीस हजार रुपये व्याज होते. कायदेशीर कमाल दराने ते छत्तीसशे झाले असते. याविरुद्धचा अर्ज पोलिसांप्रमाणेच तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयातही देता येतो, ही माहिती सहकारी चळवळीने घडविलेल्या या जिल्ह्यातही अनेक कुटुंबांना नसते.

मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा त्रास वेगळा असतो. फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक घेऊन त्यांना अपमानास्पद संदेश पाठविणे हे त्यांचे हत्यार. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून डिजिटल कर्जाबाबत घातलेल्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे घेता येत नाहीत. धमक्या आल्यास संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. कमिशनच्या मोहाने स्वतःचे बँक खाते सट्टेवाल्यांना वापरावयास दिलेल्या विद्यार्थ्याची स्थिती मात्र गंभीर असते, कारण तेथे तो केवळ पीडित राहत नाही. त्याने बँकेला लेखी कळविण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना व कायद्यात नमूद केलेल्या इतर घटकांना विधी सेवा समितीमार्फत तो विनामूल्य मिळतो.

कुटुंबाने कर्ज फेडूच नये असे नाही. परंतु ते एकरकमी व गुपचूप न फेडता, सर्व देण्यांची यादी मुलाच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावी, पैसे मुलाच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्यावेत आणि फेडीचा काही वाटा सुट्टीतील कामातून मुलानेही उचलावा. यादीत एखादे देणे लपविले जाते, असा समुपदेशकांचा नेहमीचा अनुभव असतो. म्हणून आठवड्याने ती यादी रागावल्याशिवाय पुन्हा विचारावी.

आजाराचा प्रश्न :

आजारासाठी पहिले दार महाविद्यालयातच असावयास हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असणे आवश्यक आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावयाचा आहे, आणि मदतक्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळकपणे लावावयाचे आहेत. अनेक ठिकाणी समुपदेशन कक्ष म्हणजे मूल्यांकन समितीच्या भेटीपुरती लावलेली पाटी असते, हे कटू असले तरी सत्य आहे. अशा वेळी विद्यार्थ्याने पाटीच्या मागे न लागता माणूस शोधावा. मानसशास्त्राचे प्राध्यापक, पालक-शिक्षक योजनेतील शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, ग्रंथपाल यांपैकी ज्यांच्याशी मोकळेपणे बोलता येते असे कोणीही चालेल. 'सर, मला खेळणे थांबवता येत नाही आणि घरी माहीत नाही' एवढे एक वाक्य पुरे असते. ऐकणाऱ्याने त्या क्षणी उपदेश करू नये, रक्कम विचारण्याची घाई करू नये आणि स्वतःच्या खिशातून उसने तर मुळीच देऊ नये. त्याच आठवड्यात मुलाबरोबर दवाखान्यात जाण्याचा दिवस ठरवावा.

समोरासमोर बोलण्याचे धैर्य होत नसल्यास टेलिमानस ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांतून 'मैत्री' क्लिनिक चालविली जातात. मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणीसाठी सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची ठिकाणे होत. किर्लोस्करवाडी स्थानकावरून मिरजेस रेल्वेने जाता येते. बाह्यरुग्ण विभागात 'मानसोपचार' असा केसपेपर काढावयाचा असतो. तेथे ओळखीचे कोणी भेटेल ही भीती पुष्कळांना परत फिरविते. त्यावर एवढेच सांगता येईल की मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसन हा आजार असून कुटुंबालाही उपचारात सामावून घ्यावे लागते, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. जुगाराच्या बाबतीत तो तितकाच लागू पडतो.

उपचारांत प्रामुख्याने विचार व वर्तन यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत वापरली जाते. 'सलग पाच वेळा हरलो, आता लागणारच' हा समज कसा चुकीचा आहे, कोणत्या वेळी व कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो, त्या वेळी दुसरे काय करता येईल, हे रुग्ण आठवड्यागणिक शिकतो. केवळ जुगारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. सोबत नैराश्य वा दारूचे व्यसन असेल तर त्याचे उपचार डॉक्टर करतात. याच्या जोडीला काही साधे बंदोबस्त उपयोगी पडतात. वडिलांचा फोन व पिन मुलाकडून काढून घेणे, बँकेतून दैनंदिन व्यवहाराची मर्यादा कमी करून घेणे, सट्ट्याचे संदेश येणारे गट सोडणे आणि आवश्यक तर सिमकार्ड बदलणे यांचा त्यात समावेश होतो. फोन पूर्णपणे हिरावून घेण्याने मात्र अभ्यासाचे व हजेरीचे नुकसान होते आणि मुलगा मित्राच्या फोनवर खेळू लागतो.

एका धोक्याविषयी संदिग्धता असता कामा नये. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचे विचार येण्याचे प्रमाण अधिक असते, आणि कर्ज उघडकीस येण्याच्या आसपासचे दिवस विशेष नाजूक असतात. मुलगा मरणाची भाषा करीत असेल तर ती धमकी समजू नये, त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बागायतदारांच्या घरात कीटकनाशके हाताशी असतात. ती घरातून हलवून कुलपात ठेवणे आणि किल्ली दुसऱ्याकडे देणे हा अशा दिवसांतील पहिला उपाय होय. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ चा अधिनियम गृहीत धरतो. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास विलंब करण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

पुन्हा घसरण झाल्यास :

उपचार सुरू झाल्यावरही एखादा डाव पुन्हा खेळला जाण्याचा संभव असतो. लॉस एंजेलिस येथे १९५७ मध्ये जुगारग्रस्तांनी स्वतःच सुरू केलेल्या 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' या स्वमदत गटात म्हणूनच 'आजचा दिवस' एवढाच निश्चय करण्याची रीत आहे. शपथ जन्मभरासाठी असते. ती मोडली की सारेच संपले असे वाटते आणि मुलगा दडून बसतो. दिवसाचा निश्चय मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो. घसरण झाल्याचे चोवीस तासांत कोणाला सांगायचे, ते नाव आधीच ठरवून ठेवावे. ते वडिलांचे असलेच पाहिजे असे नाही. थोरली बहीण किंवा चुलता पुष्कळदा अधिक शांतपणे ऐकून घेतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत धोक्याचे दिवस आधी सांगता येतात. शिष्यवृत्ती खात्यावर जमा होते तो आठवडा, उसाचे बिल घरी येते तो आठवडा, दिवाळीची सुट्टी, आणि सर्वांत अवघड म्हणजे मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत चालणारा आयपीएल क्रिकेटचा हंगाम. उन्हाळी सत्राच्या परीक्षाही याच काळात येतात. समुपदेशकाच्या भेटी एरवी पंधरवड्याने होत असतील तर या दोन महिन्यांत त्या दर आठवड्याला, शक्यतो सामने सुरू होण्यापूर्वीच्या सायंकाळच्या वेळेत ठेवाव्यात.